आभाराचा कागद

कार्यक्रम कोणताही असो, शेवटी आभार मानतात. पहिले आभार अध्यक्षांचे, मग पाहुण्यांचे, मग जे येतो म्हणाले आणि आले नाहीत त्यांचे, मग पत्रकारांचे. लोक उठून चपला शोधायला लागले की शेवटचं वाक्य येतं, "ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी हा कार्यक्रम यशस्वी केला, त्यांचेही आभार." तो अज्ञात हात म्हणजे मी. ब्रह्मपुरीत जन्मभर मंडप घातले, पडदे बांधले, माईक लावले आणि जन्मभर अज्ञात राहिलो. हे आभार ज्या माईकवरून मानले जातात तो माईक माझा, ज्या तखतावर उभं राहून मानतात ते तखत माझं, आणि मानणाऱ्याच्या गळ्यात जो हार असतो त्याची सुतळीसुद्धा पुष्कळदा माझीच.

ज्या कॉलेजाची ही हकिकत आहे, त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी माझं कधी घेतलं नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे याला बिछायत म्हणतात. लग्न, बारसं, तेरवी, सभा, नाटक, काहीही असो. बल्ल्या, बांबू, कनाती, सतरंज्या, खुर्च्या, भोंगे आणि मशीन घेऊन आम्ही हजर. बल्ल्या म्हणजे जाड लाकडी खांब, मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. सायकलच्या कॅरिअरला एक भोंगा बांधून मी सुरुवात केली. माणसं किती येतील हे मी निमंत्रणपत्रिका बघून सांगतो. पत्रिकेवर नावं जितकी जास्त, तितकी समोर माणसं कमी. आणि खुर्च्या नेहमी मागितल्यापेक्षा कमी टाकायच्या. दहा माणसं उभी राहिली की कार्यक्रम गाजतो. दहा खुर्च्या रिकाम्या राहिल्या की तोच पडतो.

भावात मी कोणाचं ऐकत नाही आणि राग मला लवकर येतो, हेही आधीच सांगून टाकतो. राग आला की माझा हात आपोआप मशीनच्या बटणाकडे जातो. एका सभेत वक्ते दीड तास बोलले आणि वर मलाच म्हणाले, "माईकवाले, आवाज नीट ठेवा." मी आवाज इतका नीट ठेवला की तो त्यांनाही ऐकू आला नाही.

पण दुखणं आभाराचंच. एकदा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पहिली आली म्हणून जवळच्या गावातल्या एका शेतकऱ्याने सत्कार ठेवला. सत्कार त्याचा नव्हे, बैलांचा. "बैल तखतावर चढले पायजे," तो म्हणाला. मी म्हणालो, "तखत मोडंल." तो म्हणाला, "मंग मजबूत आना." आणलं. खाली दुहेरी बल्ल्या दिल्या. बैल चढले, हार घातले, त्यांनी हार खाल्ले, तखत टिकलं. शेवटी आभार मानताना बादल नावाच्या बैलाचं नाव तीनदा घेतलं. तखत कोणाचं, हे एकदाही नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात हिशेब बसला की या मुलुखात माझा नंबर बैलाच्या खाली आहे.

आता बांबूंचं सांगतो, कारण पुढे त्यांच्यावरच सगळं येणार आहे. लग्नाचा हंगाम संपला की शेकडो बांबू आणि बल्ल्या ठेवायच्या कुठे, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. माझ्या घराच्या मागे, जीप स्टँडपासून कॉलेजच्या मागच्या फाटकापर्यंत जाणारी एक बोळ होती. बोळ सरकारी. म्हणजे कोणाचीच नाही. म्हणजे माझी. मी तिथे बांबू रचले. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी आणखी रचले. चौथ्या वर्षी बोळ अशी भरली की मांजरसुद्धा वरून जायचं.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. गावात नुकतीच केबल आली होती आणि संध्याकाळी सात वाजता रस्ते ओस पडायचे. त्या काळात कॉलेजात मेश्राम मॅडम मराठी शिकवायला आल्या. तासिकेवर होत्या, कायम नव्हत्या. वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस, आवाज बारीक, पण चाल अशी की समोरचा आपोआप बाजूला व्हावा. त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून 'खुली चर्चा' नावाचा कार्यक्रम सुरू केला. गावच्या लोकांनी कॉलेजात यावं, बसावं, बोलावं, प्रश्न विचारावे, अशी त्यांची कल्पना. कॉलेजच्या कुंपणाच्या आत काय चालतं ते गावाला कळत नाही आणि गावाचं काय चाललं आहे ते कॉलेजला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या चर्चेचा विषय होता 'महाविद्यालय आणि समाज यांमधील दरी : कारणे व उपाय'. पत्रिकेवर अकरा नावं. मी मनात म्हटलं, गेलं. समाजातर्फे मी एकटा हजर होतो, तोही माईकसाठी. बाकी मुलं हजेरीच्या धाकाने बसली होती. दुसऱ्या चर्चेला तीही नव्हती. अर्थशास्त्राचे एक सर चाळीस मिनिटं दरीवर बोलले. माईक ते भुट्ट्यासारखा तोंडाजवळ धरायचे, चावतील की काय असं वाटायचं. समोर शिपाई, मी आणि सावलीला आलेलं एक कुत्रं.

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्या दुकानात आल्या. मी म्हणालो, "बसा. भाव कमी करायला आल्या असाल तर चहा नाही मिळणार."

"भावाचं नाही, रज्जाकभाई. प्राचार्य म्हणाले, तिसऱ्या चर्चेला गावातली माणसं आली नाहीत तर खुली चर्चा बंद."

"होऊ द्या मग."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"मॅडम, रिकाम्या मंडपाचं मला जितकं वाटतं तितकं तुम्हालाही नाही. तुमचा कार्यक्रम पडतो, पण लोक म्हणतात रज्जाकच्या मंडपात कुत्रं बसलं होतं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा, माणसं कशी येतील?"

आता मला कोणी सल्ला विचारत नाही. मांडव कुठे घालू हेही विचारत नाहीत, खड्डे खणून ठेवतात. त्यामुळे मी जरा सैल सुटलो. म्हणालो, "आमच्या झाडीपट्टीत माणूस दोन गोष्टींसाठी घराबाहेर निघतो. एक, दंडार. दुसरी, भोंग्यातून स्वतःचं नाव ऐकायला."

बाहेरच्यांना सांगायला हवं. दंडार म्हणजे आमच्याकडच्या शेतकऱ्यांचा नाच-गाण्याचा खेळ. बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि एकाने ओळ म्हटली की बाकीचे सगळे ती उचलून धरतात. खेळ रंगला की बघणारा पाच रुपये आणि एक चिठ्ठी पाठवतो. ढोलकी थांबते, चिठ्ठी माईकवर वाचली जाते : अमक्या गावचे अमके भाऊ यांच्याकडून बक्षीस, मंडळ त्यांचे आभारी आहे. भोंगा चांगला असेल तर ते नाव शेजारच्या दोन गावांत ऐकू जातं. माणूस ते पाच रुपये नाचाला देत नाही, नावाला देतो.

"म्हणून," मी म्हणालो, "तुम्ही दंडार ठेवा. ऐन रंगात थांबवा आणि चर्चा करा. पैसे नको, चिठ्ठीवर प्रश्न मागा. ज्याचा प्रश्न, त्याचं नाव भोंग्यातून."

मॅडमचे डोळे मोठे झाले. "हे तुम्ही कराल?"

इथे मी खरा सौदा केला. "करीन. पण आभाराच्या वेळी नाव पाहिजे. पूर्ण नाव. अज्ञात हात नको."

"पहिलं नाव तुमचंच असेल," त्या म्हणाल्या, आणि तिथेच, माझ्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर त्यांनी आभाराची पहिली ओळ लिहिली. मला वाचून दाखवली, पान फाडलं आणि पर्समध्ये ठेवलं.

दंडारीसाठी सोमाजी पाहिजे होता. नदीकडच्या एका गावचा. साठीला टेकलेला, मिशा भरघोस, आणि दंडारीत सासूचं काम असं करायचा की खऱ्या सासवा त्याच्याकडून शिकायच्या. आवाज तर काय विचारता. त्याने सुरुवात केली तेव्हा माईक नव्हते. मी त्याच्या घरी गेलो तर तो खळ्यावर.

"अजी, धान घरात आलं नाई अजून, आन तुम्ही मले नाचाले बोलावून राह्यले?"

"कॉलेजात आहे, सोमाजीभाऊ. भरदुपारी."

"कॉलेजात? तिथी कायले? तिथी तं शिकलेले लोक राह्यते."

"त्यांनाच दाखवायचं आहे."

त्याने विचार केला. "पिरान्सिपॉल साहेब माझं नाव घेईन का भोंग्यातून?"

म्हणजे बघा, आजार मला एकट्यालाच नव्हता. मी हो म्हणालो.

दवंडीचं काम मी स्वतः केलं. रिक्षात भोंगा बांधून दोन दिवस फिरलो : "सोमाजीची दंडार! कॉलेजच्या पटांगणात! दुपारी तीन वाजता!" चर्चा हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा सांगितलं की भोंगा खरखरत होता.

त्या दिवशी पटांगण भरलं. बाया घरून बसायला बोऱ्या घेऊन आल्या आणि जागा धरून बसल्या. जीपच्या टपावरून माणसं आली. मुलं तर झाडावर. मी खुर्च्या मुद्दाम तीसच टाकल्या होत्या, त्यामुळे नगरपालिकेचे दोन सदस्यही उभे होते. प्राचार्य माझ्याकडे येऊन म्हणाले, "एवढी माणसं?" मी म्हणालो, "साहेब, ही दरी भरून राहिली आहे."

दंडार रंगली. गोष्ट साधी. जावई न सांगता सासरी येतो, भुकेला असतो, पोह्यांवर हात मारताना चाहूल लागते म्हणून धानाच्या ढोलीत लपतो. ढोली म्हणजे धान साठवायची मोठी कणगी. सासू, म्हणजे लुगडं नेसलेला सोमाजी, येते आणि ढोलीचं झाकण उघडायला हात घालते. बरोबर त्या क्षणी मी ढोलकी थांबवायची खूण केली आणि माईकवर म्हणालो, "आता थोडी चर्चा होईल. प्रश्न चिठ्ठीवर लिहून नावासकट पाठवा. मग झाकण उघडंल."

लोक चिडले, पण उठलं कोणी नाही. जावई ढोलीत होता ना!

पहिली चिठ्ठी यायला वेळ लागला. ती एका म्हाताऱ्या गवळ्याची होती. मी वाचली : "बी. एस्सी. झालेल्या पोराले म्हैस काऊन दोहता येत नाई?" हशा पिकला. प्राणिशास्त्राचे सर उभे राहिले आणि खरंच उत्तर देऊ लागले. गवळी खाली बसूनच बोलला, "म्हंजे तुमालेही येत नाई." मग चिठ्ठ्यांचा पाऊस. वाचनालयात गावच्या माणसाला पेपर वाचू देता का? तुमच्या विहिरीला पाणी असतं आणि आमच्या वस्तीत नसतं, ते कसं? एका बाईने विचारलं, कॉलेजात गेल्यावर मुलगा आईशी कमी काऊन बोलतो? यावर अर्थशास्त्राचे सर उठून बोलायला लागले. तितक्यात कोणीतरी सवयीने अर्थशास्त्राच्या सरांना पाच रुपयांची नोट पाठवली : "बोलले चांगले, समजलं नाई, तरी बक्षीस." सर लालबुंद झाले. नोट घ्यावी की नाही यावर ते अर्थशास्त्राच्या अंगाने विचार करत राहिले आणि शेवटी त्यांनी ती खिशात ठेवली.

मधून मधून ढोलीतून आवाज यायचा, "झालं का जी? अंदर गरम होऊन राह्यलं." आणि लोक ओरडायचे, "बस रे, चर्चा चालू आहे!"

प्राचार्य पुढे झुकून बसले होते. मॅडम माझ्याकडे बघून एकदा हसल्या आणि पर्सला हात लावला. कागद तयार होता.

मग ती चिठ्ठी आली. मी आधी वाचून बघत नसे, सरळ माईकवर वाचायचो. "वंदना, बी. ए. दुसरं वर्ष. प्रश्न असा की, गाव आणि कॉलेज यांच्यातल्या दरीवर तीन चर्चा झाल्या. जीप स्टँडपासून कॉलेजच्या मागच्या फाटकापर्यंत दोन मिनिटांची बोळ आहे. ती चार वर्षांपासून बंद आहे. आम्ही मुली पानठेल्यांवरून मोठ्या रस्त्याने येतो आणि रोज काय काय ऐकतो ते इथे लिहिता येत नाही. तर त्या बोळीत रज्जाकभाई मंडपवाल्यांचे बांबू..."

इथे मी थांबलो.

पंचवीस वर्षं ज्या नावाची वाट बघितली ते माझ्याच तोंडून, माझ्याच माईकवर, माझ्याच भोंग्यातून दोन गावांपर्यंत गेलं होतं. कान तापले. आणि हात गेला बटणाकडे. मी मशीन बंद केलं.

पटांगणात कुजबुज. मी म्हणालो, "लाईट गेली." एक जण म्हणाला, "पंखा चालू आहे जी."

तेव्हा सोमाजी, लुगडं सावरत, ढोलीचं झाकण सोडून पुढे आला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने हाक मारली, "कोनती पोट्टी हाय थे? उभी राय, बाई. तू बोल, मी सांगतो." माईक नव्हता, पण झाडावरची मुलंही दचकली.

वंदना उभी राहिली. किडकिडीत मुलगी, वही छातीशी धरलेली. ती हळू बोलायची आणि सोमाजी तेच मोठ्याने सांगायचा. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी आमच्या गावाहून आम्ही चौघी यायचो." सोमाजी गरजला, "चौघी यायच्या!" "पानठेल्यावरचं बोलणं घरी कळलं. एकेकीचं बंद केलं." "बंद केलं!" "आता मी एकटी येते." सोमाजीने हे वाक्य मात्र मोठ्याने नाही सांगितलं. तेवढं सगळ्यांना ऐकू आलं होतं.

सवय वाईट असते. सोमाजीच्या मागे उभ्या असलेल्या दंडारवाल्यांना ओळ उचलायची सवय. सोमाजी म्हणाला, "रज्जाकभाऊचे बांबू, कवा उचलनार?" आणि ढोलकी वाजली. वीस गड्यांनी ओळ धरली : "रज्जाकभाऊचे बांबू, कवा उचलनार?" दुसऱ्यांदा बोऱ्यांवरच्या बायांनी धरली. तिसऱ्यांदा ढोलीतल्या जावयाने.

मी तखतावर चढलो. मशीन चालू केलं, कारण माझा आवाज सोमाजीपुढे काहीच नव्हता. म्हणालो, "पंधरा दिवसांत उचलतो."

सोमाजी कमरेवर हात ठेवून, सासूच्या नजरेने, "पंधरा? जावयाले धा दिस सांगतलं तं थो वीस लावते. उद्या!"

"आठ दिवस! लगीनसराई तोंडावर आहे!"

"उद्या!"

"पाच दिवस. याच्या खाली एक दिवस नाही." मी आयुष्यात इतका वाईट सौदा कधी केला नव्हता. समोर चारशे गिऱ्हाईकं आणि सगळी एका बाजूला.

"ठेवायला जागा नाही!" मी शेवटचं अस्त्र काढलं.

वंदना पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "तुमच्या अंगणात आहे, काका. रोज पाहते मी मोठ्या रस्त्यावरून जाताना."

खरं सांगू? मीही त्यांना रोज पाहत होतो. माझं दुकान त्याच रस्त्यावर. या मुली खाली मान घालून ठेल्यांवरून जायच्या तेव्हा मी दुकानात बसून बघायचो, आणि माझ्या मनात यायचं ते एवढंच की बरं आहे, बोळीत कोणी जात नाही, बांबू चोरीला जात नाहीत. आधी चौघी दिसायच्या, मग तिघी, मग दोघी. मी माणसं मोजण्यात कधी चुकत नाही. पण हे मोजलं नाही.

"उचला," मी म्हणालो. "आत्ताच उचला. बघू कोण उचलतो."

हे मी रागात बोललो होतो. मला वाटलं, लोक हसतील आणि बसतील. पण गवळी उठला, मग बाया उठल्या, मग सगळं पटांगण उठलं. मागचं फाटक उघडलं आणि तासाभरात चार वर्षांचे बांबू डोक्यावरून, खांद्यावरून, हातोहात माझ्या अंगणात. प्राचार्यांनी एका टोकाला आणि प्राणिशास्त्राच्या सरांनी दुसऱ्या टोकाला धरून एक बल्ली आणली. अर्थशास्त्राचे सर दिशा दाखवत होते. सोमाजीने लुगड्याचा काष्टा मारून एकट्याने सहा बांबू नेले. माझ्या बायकोला घराचं दार उघडेना, ती खिडकीतून ओरडत होती, "अजी, ये क्या बारात लेके आए?"

बोळ मोकळी झाली. दुसऱ्या टोकाचा जीप स्टँड सरळ दिसत होता. मेश्राम मॅडम फाटकात उभ्या होत्या आणि प्राचार्य धोतराला लागलेला चिखल झटकत त्यांना म्हणत होते, "पुढच्या महिन्यात विषय कोणता ठेवायचा?" खुली चर्चा वाचली होती.

आणि आभार? ते मानायला कोणी उरलंच नव्हतं. अध्यक्ष बांबू उचलत होते, पाहुणे बांबू उचलत होते, ऐकणारे बांबू उचलत होते. परत पटांगणात आलो तर रिकाम्या सतरंज्या, चालू मशीन आणि ढोलीतून आवाज, "झालं का जी?" त्याला सगळे विसरले होते. झाकण मीच उघडलं.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या अंकात या उपक्रमावर चार पानी लेख आला. त्यात लिहिलं होतं की स्थानिक पातळीवरील एक अडथळा लोकसहभागातून दूर करण्यात आला. अज्ञात हातावरून मी अडथळ्यावर आलो होतो. त्या बोळीला मात्र नाव पडलं. आजही कोणाला पत्ता विचारा, सांगतील, "बांबूच्या बोळीतून सरळ जा." तिथे बांबू नाहीत, पण नाव त्यांचंच राहिलं. माझं नाही.

वंदनासोबत दुसऱ्या सत्रापासून एक मैत्रीण परत यायला लागली. दोघी परत आल्या नाहीत. त्यांची लग्नं झाली होती. हे मला माझ्या मंडपांमुळे माहीत होतं. दोन्ही लग्नांचे बांबू माझेच होते.

मेश्राम मॅडम तीन वर्षांनी चंद्रपूरला कायम नोकरीवर गेल्या. जाताना दुकानात आल्या आणि पर्समधून तो कागद काढून दिला. घडीवर फाटायला आला होता. "तुमचा सौदा बाकी होता," म्हणाल्या. पुढच्या सगळ्या चर्चांत आभार दुसरेच कोणीतरी मानायचे, त्याला त्या काय करणार?

तो कागद मी मशीनच्या पेटीत ठेवला आहे. आता हातपाय थकले, मोठी कामं सोडली, पण कॉलेजचा माईक अजून मीच लावतो. कार्यक्रमाआधी माईक तपासावा लागतो. सगळे जण हॅलो हॅलो, वन टू थ्री म्हणतात. मी मंडप रिकामा असला की कागद काढतो आणि वाचतो : "सर्वप्रथम आभार रज्जाकभाई मंडपवाले यांचे, ज्यांच्यामुळे गाव आज कॉलेजात आलं." आवाज बरोबर येतो की नाही हे बघायला दोनदा वाचतो. कधीकधी तीनदा. बादल बैलाइतकं.

भोंगा मागच्या फाटकाकडे तोंड करून लावलेला असतो. बोळीतून येणाऱ्या मुली ते ऐकून हसतात. हसोत बिचाऱ्या. बोळीतून येतात ना.